खुर्ची सरळ, जमीन वाकडी

यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही, हे मिस्त्री आधीच सांगून टाकत. विश्वास नाही बसला तरी समोरचा माणूस स्टुलावर बसतो, हा त्यांचा अनुभव होता. आणि एकदा का माणूस स्टुलावर बसला, की गोष्ट संपेपर्यंत त्याला उठू द्यायचं नाही, हे तत्त्व.

त्या दिवशी स्टुलावर दातांचे डॉक्टर सापडले होते. दिवसभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणून कंटाळलेला जीव. त्यांना घरात एक रेसिंग सिम्युलेटर हवा होता. म्हणजे लोखंडी फ्रेमवर बसवलेली गाडीची खुर्ची, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडलं आणि पुढ्यात तीन स्क्रीन. दार लावायचं, बटण दाबायचं, की दिवाणखान्यात शर्यतीचा ट्रॅक हजर. कुणी हौसेने घेतं, कुणी खऱ्या शर्यतीच्या सरावासाठी घेतं. मिस्त्री ते माणसाच्या मापाने बनवत. डॉक्टरांच्या मांडीची लांबी, पोटरीची लांबी, खांद्याची रुंदी, सगळं त्यांनी टेपने मोजलं, आणि पोटाचा घेर मोजताना सभ्यपणे छताकडे बघितलं.

"शिंपी सदरा शिवतो, तशी मी गाडी शिवतो," मिस्त्री म्हणाले.

"शिवते मी," कोपऱ्यातल्या शिवणयंत्रावरून मिस्त्रीणबाई म्हणाल्या. खुर्च्यांची कव्हरं त्या शिवत. "तुम्ही फक्त लोखंड जाळता."

वर्कशॉपमध्ये चौथं माणूस म्हणजे मिस्त्रींची भाची. बहिणीची मुलगी. अंगात तेलकट डांगरी, हातात पाना, आणि एका तयार होत आलेल्या फ्रेमच्या पेडलाशी तिची झटापट चालली होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. आता मोठी झाली तरी नाव काही थांबलं नव्हतं.

सगळं ठीक चाललं होतं. पण डॉक्टरांनी जाता जाता सहज विचारलं, "खुर्ची अगदी लेव्हलमध्ये असेल ना?"

शिवणयंत्र थांबलं. पाना थांबला.

"झालं!" भिंगरी म्हणाली. "डॉक्टर, दुपारच्या पेशंटना फोन करून टाका."

मिस्त्रींनी दुसरं स्टूल ओढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ते सांगू लागले.

गोष्ट भिंगरीचीच होती. पोरगी पायात ब्रेक आणि हातात स्टिअरिंग घेऊनच जन्माला आली, असं मिस्त्री म्हणत. बाळ असताना पाळण्याला उजवं वळण घ्यायला लावायची, वगैरे. ते सोडून द्या. खरं एवढंच, की छोट्या गाड्यांच्या शर्यतीत तिने मोठमोठ्यांना धूळ चारली होती आणि एका शर्यतीच्या संघात नव्या ड्रायव्हरची एकच जागा होती. दर वर्षी एकदा चाचणी. आदल्या वर्षी ती चाचणीला गेली आणि मोठ्या उजव्या वळणावर गाडी थेट मातीत घातली. कारण साधं होतं. बाकीच्यांनी त्या ट्रॅकवर महिनोन्महिने सराव केलेला, हिने ट्रॅक बघितला तो चाचणीच्या सकाळी.

या वर्षीची चाचणी शेवटची. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. तिची आई नर्स, स्वभावाने सरळ आणि बोलायला त्याहून सरळ. तिने लेकीला सांगून ठेवलं होतं, "या खेपेला घेतलं तर मी स्वतः हेल्मेट पुसून देईन. नाही घेतलं तर माझ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला लागायचं, आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही." लेकीने मान डोलावली होती. शब्द दोघींनीही पाळला असता. मायलेकींना तेवढीच एक वाईट खोड होती.

"मग मामा कशाला आहे?" मिस्त्रींनी तेव्हा छातीवर हात मारून म्हटलं होतं. ट्रॅक भाचीकडे येत नसेल, तर मामा ट्रॅक तिच्या घरी पोचवेल!

आणि मिस्त्री कामाला लागले. असा सिम्युलेटर त्यांनी आधी कधी केला नव्हता आणि नंतरही नाही. भट्टीचा जुना पंखा समोर बसवला, वेग वाढेल तसा वारा वाढावा म्हणून.

"त्या वाऱ्याने," मिस्त्री डॉक्टरांना म्हणाले, "समोरच्या इमारतीतली धुणी वाळायची. बायका वेळ ठरवून विचारायच्या, आज पोरगी किती वाजता चालवणार आहे?"

"एक टॉवेल उडाला होता," भिंगरी पेडलाशी बोलल्यासारखी म्हणाली. "आमचाच. आमच्याच खिडकीतून."

"सुरुवात टॉवेलनेच होते," मिस्त्री म्हणाले.

आता मिस्त्रींचा एक हट्ट होता. दुसरे कारागीर खुर्ची फ्रेमला बोल्टने बसवतात. मिस्त्री वेल्ड करत. बोल्ट म्हणजे ओळखीचा माणूस, कधी सैल पडेल सांगता येत नाही. वेल्ड म्हणजे सोयरीक, मोडायची तर कापावीच लागते. असं त्यांचं म्हणणं. पण वेल्ड करायच्या आधी ते जिवाचं रान करून खुर्ची समतल करत. गवंड्याची लेव्हलपट्टी खुर्चीवर ठेवायची, तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत खुर्चीखाली पातळ पत्रे सरकवायचे, श्वास रोखायचा आणि मग ठिणग्या. भाचीच्या खुर्चीला तर त्यांनी इतका वेळ लावला, की बुडबुड्यालाच मध्ये बसून अवघडल्यासारखं झालं.

खुर्ची बहिणीच्या घरी गेली. भिंगरी सकाळ-संध्याकाळ तिच्यात बसू लागली. तो ट्रॅक, ते मोठं उजवं वळण, पुन्हा तेच वळण, पुन्हा तेच. आधी दहादा मातीत जायची, मग पाचदा, मग एखाद्या वेळी. आई ड्यूटीवरून येऊन मागे उभी राहायची, चपला न काढता. बोलायची काही नाही. पण एकदा वळण बिनचूक निघालं तेव्हा तिच्या तोंडून 'अगं बाई' निघून गेलं, आणि मग ती घाईघाईने स्वयंपाकघरात गेली.

पुढे थोड्या दिवसांनी बहिणीचा मिस्त्रींना फोन आला. "दादा, पोरगी डावीकडे झुकून चालते."

"विचार करत असेल."

"विचार केला की माणूस डावीकडे झुकतं?"

"डोक्यात वळणं आहेत गं तिच्या. वजन एका बाजूला गेलं असेल."

नर्सबाईंचं समाधान होईना. तिने लेकीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तिला उभं केलं, वाकवलं, कणा बोटाने मोजला आणि म्हणाला, कणा ठणठणीत आहे, हवं तर आईचा तपासून देतो. घरी मात्र मामला वाढतच गेला. भिंगरीला भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसायचं, ती ते 'सरळ' करायची. मग आई ते पुन्हा सरळ करायची. खुर्चीत तिच्या मांडीवर झोपणारं मांजरसुद्धा...

"आमच्याकडे मांजर नव्हतं," भिंगरी म्हणाली.

"शेजाऱ्यांचं होतं."

"त्यांच्याकडे पोपट होता."

"तर पोपटसुद्धा," मिस्त्री न अडखळता म्हणाले, "दांडीवर डावीकडे झुकून बसायला लागला."

डॉक्टर हसले. मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. "आता माझा भाग येतो," त्या म्हणाल्या, "त्यात पोपट घालू नका."

तो भाग असा. चाचणी परवावर आली आणि मिस्त्रीणबाई भाचीच्या खुर्चीला नवं कव्हर बसवायला गेल्या. मामीकडून भेट, लाल कापड, पांढरी शिलाई. त्यांनी दोऱ्याचं रीळ खुर्चीच्या बैठकीवर ठेवलं आणि कव्हर उलगडलं. रीळ उजवीकडे गडगडलं आणि खाली पडलं. त्यांनी उचलून ठेवलं. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा त्यांनी ते मुद्दाम डाव्या कडेला ठेवलं. रीळ अख्खी बैठक ओलांडून, ओळखीच्या रस्त्याने गेल्यासारखं, उजवीकडून खाली उतरलं.

मिस्त्रीणबाईंनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्री लेव्हलपट्टी घेऊन आले, खुर्चीवर ठेवली, बघितली, पुसली, पुन्हा बघितली. बुडबुडा डाव्या टोकाला जाऊन बसला होता.

"घर वाकडं आहे," मिस्त्रींनी निकाल दिला.

"माझं घर?" बहीण म्हणाली.

"इमारत खचली असणार. बिल्डरला विचार."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मिस्त्रीणबाई म्हणाल्या. ही म्हण त्यांनी लग्न झाल्यापासून बऱ्याचदा वापरली होती, पण इतकी चपखल कधी बसली नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणलं आणि फरशीवर ओतलं. पाणी कुठेच गेलं नाही. जिथे पडलं तिथे, पोळपाटावरच्या पिठासारखं गोल पसरून गप्प राहिलं. घर सपाट होतं.

मिस्त्री तडक उठले आणि वर्कशॉपवर आले. एकटेच. फरशीच्या मधोमध, जिथे ते सगळ्या फ्रेम उभ्या करत, तिथे त्यांनी बादली उपडी केली. पाणी क्षणभर थबकलं आणि मग डाव्या भिंतीतल्या मोरीकडे असं निघालं, की वाटेत कुणाला ओळखसुद्धा दाखवली नाही.

ही फरशी त्यांनी स्वतःच उभं राहून घालून घेतली होती. पाणी साचू नये म्हणून मोरीकडे उतार ठेवायला त्यांनीच गवंड्याला बजावलं होतं. रोज संध्याकाळी फरशी धुताना पाणी मोरीकडे जायचं आणि त्यांना बरं वाटायचं. पण हीच फरशी कललेली आहे, हे त्यांच्या मनात कधी आलंच नाही. उतारावर उभ्या केलेल्या फ्रेममध्ये त्यांनी डावी बाजू पत्रे सारून उचलली होती, खुर्ची अगदी समतल केली होती आणि तशीच वेल्ड केली होती. सपाट घरात गेल्यावर तीच उचललेली बाजू खुर्चीला उजवीकडे कलवत होती. जितकं मन लावून काम केलं, तितकं पक्कं वाकडं झालं. निष्काळजी कारागिराच्या हातून एवढी बिनचूक चूक झालीच नसती.

"आधीच्या गिऱ्हाइकांचं काय?" डॉक्टरांनी काळजीने विचारलं.

"ते सगळे बेलगाम हौशी," मिस्त्री म्हणाले. "सरळ खुर्चीतसुद्धा वाकडेच बसतात. पण जाऊन सगळ्यांच्या नीट केल्या हो मी नंतर."

हे मात्र खरं होतं. मिस्त्रीणबाईंनी मान डोलावली.

मिस्त्री परत बहिणीच्या घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. भिंगरी क्लासला गेली होती. तिघं दार लोटून स्वयंपाकघरात जमली. मिस्त्रींचं म्हणणं, आता हात लावू नये. पोरीला वळण जमायला लागलं आहे. आता खुर्ची सरळ केली तर जमलेलं मोडेल, आणि सांगितलं तर धीर खचेल. चाचणी होऊ दे, मग सांगू.

"तुम्ही तिला वाकड्या खुर्चीत बसवून सरळ चालवायला शिकवलंत," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "खऱ्या गाडीत ती डावीकडे झुकेल आणि तिला कळणारसुद्धा नाही का ते. मग मातीत गेली, की आयुष्यभर म्हणेल, माझ्यातच दम नव्हता. चालेल तुम्हाला?"

बहीण ओट्याला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दादा, लॅबमध्ये तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय मी. पण ती तिथे हरून यायला नको. आलीच तर नीट खेळून यावी."

मिस्त्रींना नाही चाललं. भिंगरी आल्यावर त्यांनीच तिला सांगितलं. थापा मारणाऱ्या माणसाला खरं सांगताना फार त्रास होतो. शब्द ओळखीचे नसतात. फरशी, मोरी, पत्रे, वेल्ड, सगळं त्यांनी उलटसुलट सांगितलं. भिंगरीने ऐकून घेतलं. खुर्चीकडे बघितलं, मामाकडे बघितलं. मिस्त्रींना वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल.

"काप," ती म्हणाली.

दिवाणखान्यात ओल्या चादरी टांगून मिस्त्रींनी ग्राइंडर चालवला. आपलंच वेल्ड, आपल्याच हाताने. ते कापायला त्यांना जितका वेळ लागला तितका जोडायलाही लागला नव्हता. मग सपाट फरशीवर, चारी बाजूंनी लेव्हलपट्टी लावून, खुर्ची पुन्हा बसवली. या वेळी निमूटपणे बोल्टने. भिंगरी बसली आणि दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"कललीय! मामा, डावीकडे पडतेय मी!"

"नाही गं. बघ, बुडबुडा मध्ये आहे."

"तो असेल. मी नाहीये."

तिने गाडी सुरू केली आणि मोठ्या उजव्या वळणावर मातीत घातली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मातीत. मिस्त्री दाराशी उभे राहून बघत होते. कितीतरी वेळ. मग बायकोने त्यांचा दंड धरून त्यांना घरी नेलं.

"आणि मग?" डॉक्टर स्टुलाच्या अगदी कडेला आले होते. त्यांच्या खिशातला फोन दोनदा वाजून गप्प झाला होता. "मग चाचणीला काय झालं?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, पुन्हा कपाळावर चढवला. गोष्टीचा हा भाग त्यांचा सर्वांत लाडका होता.

चाचणीच्या दिवशी ते, मिस्त्रीणबाई आणि बहीण ट्रॅकच्या कुंपणाला नाकं लावून उभी होती. बहीण ड्यूटीच्या कपड्यांतच आली होती. उमेदवार पुष्कळ. एकेकाला मोजक्या फेऱ्या. भिंगरीची पाळी आली. गाडीत बसली तीच डावीकडे झुकून. पहिल्या फेरीत मोठ्या वळणावर गाडी अशी हलली, की मिस्त्रींनी कुंपणाची तार चावली.

"तार?"

"अजून दाताखाली लोखंडाची चव आहे. तुम्ही बघा हवं तर, तुमचाच विषय."

दुसऱ्या फेरीतही तेच. आणि तिसऱ्या फेरीत, मिस्त्री आवाज खाली आणून म्हणाले, पोरगी त्या वळणात शिरली आणि एकदम शांत झाली. गाडी सुईत दोरा ओवावा तशी वळणातून निघाली. चौथ्या फेरीत त्याहून सुरेख. संघाचा मुख्य माणूस हातातलं घड्याळ बघतो, पोरीकडे बघतो, पुन्हा घड्याळ बघतो. तिथल्या तिथे त्याने तिला जागा दिली! बहीण एवढी रडली, की शेजारच्या माणसाने छत्री उघडली.

"पण जमलं कसं?" डॉक्टर म्हणाले. "झुकायची सवय तर गेलेली नव्हती."

"तेच तर!" मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "नाही गेली, म्हणून तर जमलं! संध्याकाळी मी मुद्दाम त्या वळणावर जाऊन बघितलं. पाण्याची बाटली ओतली. आणि डॉक्टर, तुमचा विश्वास बसणार नाही, ते वळण उजवीकडे उतरतं आहे. किती? अगदी माझ्या वेल्डइतकं! पत्र्याभराचाही फरक नाही. मी चौकशी केली. तो ट्रॅक घालणारा गवंडी कोण? माझी फरशी घालणारा तोच! त्याच्या हातालाच तो उतार. बाकीचे सगळे त्या वळणात कलंडत होते आणि माझी भाची तिथे घरच्या खुर्चीत बसल्यासारखी सरळ! म्हणजे बघा, मिस्त्रीची चूकसुद्धा वाया जात नाही. ती जागा, एका अर्थी, माझ्या वेल्डने..."

पाना फरशीवर आपटला.

"खोटं!"

भिंगरी उठून उभी राहिली होती. डांगरीला हात पुसत ती स्टुलांपाशी आली. डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं; ती अगदी सरळ उभी होती.

"मामा, टॉवेल सोडला, पोपट सोडला, तारसुद्धा सोडली. हे नाही सोडणार. ते वळण सपाट आहे. या हंगामात तिथे मी इतक्यांदा गेलेय की त्याची खडी ओळखते. पाऊस पडला की पाणी तिथेच उभं राहतं, कुठे जात नाही. आणि गवंड्याने रस्ता कधीपासून घालायला घेतला रे? तुझ्या उताराने मला काही दिलं नाही. तू खुर्ची कापून गेलास ना, त्यानंतर चाचणीपर्यंत मी त्या खुर्चीतून उठलेच नाही. आई मागे उभी राहून माझं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरायची, आणि मी रडत रडत ते वळण घेत होते. रडत, मामा! तिचे हात आखडले, तरी सोडलं नाही तिने. ते सांग डॉक्टरांना. जागा तिथे मिळाली मला."